दुकानापासून एसटीपर्यंत: पोरांना एकटं सोडायचं कसं

डोंबिवली सोडून आम्ही देवगड तालुक्यातल्या सासरच्या गावी राहायला आलो तेव्हा थोरली आठ वर्षांची होती. तोवर ती लिफ्टमध्येसुद्धा कधी एकटी चढली नव्हती. इथं आल्यावर पहिले तीन महिने मी तिला खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या बाहेर सोडलं नाही. कारण विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, "काही झालं तर?" या 'काही'मध्ये सगळंच होतं: साप, समुद्र, पोरं पळवणारी माणसं, पडणं, झडणं, कुत्रं.

शेजारच्या काकींना मात्र असली मोघम भीती नव्हती. त्यांना भीती होती ती खालच्या बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, उत्तरेकडच्या काठाची, कारण तिथं शेवाळ धरतं. देवळामागच्या वळणाची, कारण तिथं गाडी दिसत नाही. आणि जून ते नारळी पौर्णिमेपर्यंतच्या समुद्राची. त्यांच्या प्रत्येक भीतीला पत्ता होता. त्यामुळं बाकीच्या गावात त्यांची नातवंडं मोकळी हिंडत होती.

तुम्ही माझ्यासारखे शहरातून कोकणात राहायला आला असाल, किंवा मे महिन्यात आणि गणपतीत पोरांना घेऊन गावी येत असाल, तर सुरुवात इथून करा. कागद घ्या आणि 'काही झालं तर' मधलं 'काही' लिहून काढा. नेमकं काय, कुठं आणि कधी? मग तो कागद घेऊन गावात जन्मलेल्या दोन माणसांना विचारा. माझ्या यादीत अठरा गोष्टी होत्या. काकींनी त्यातल्या अकरा हसत हसत खोडल्या आणि मला सुचल्याच नव्हत्या अशा तीन लिहायला लावल्या: सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) जुन्या चिरेखाणी (जांभा दगड कापून झालेले खड्डे), माडाखाली बसणं आणि काजूच्या बीचा चीक. बिया भाजताना चीक उडाला की कातडी भाजते. हे मला कोण सांगणार होतं?

पहिली खेप

दुकानापासून सुरुवात करा. आमच्या घरापासून दुकान पाच मिनिटांवर आहे. घाटी उतरायची, पाणंद धरायची, देवळाला उजवी घालून पुढं जायचं. आधी चार-पाच वेळा तुम्ही पुढं चाला आणि मूल मागून येऊ द्या. मग चार-पाच वेळा मूल पुढं आणि तुम्ही दहा पावलं मागं, तोंड बंद ठेवून. हा मधला टप्पा बरेच जण गाळतात, आणि खरं शिक्षण तिथंच होतं. वळणावर ते थांबतं का, गाडीचा आवाज ऐकून गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकतं का, हे तुम्हाला दिसतं. तिसऱ्या टप्प्याला तुम्ही घरी.

सामान दोनच जिनसांचं सांगा. पैसे सुटे देऊ नका, नोट द्या, म्हणजे मोड मोजून घ्यावी लागते. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा, पण मुलासमोर नको.

माझी चूक ऐका. पहिल्या दिवशी मी मागच्या वाटेनं जाऊन देवळाच्या गडग्यामागं लपले. लेक परत येताना तिनं माझी ओढणी पाहिली. काही बोलली नाही, पण घरी आल्यावर पिशवी ओट्यावर आपटली. लपून बघायचं असेल तर सरळ सोबत जा. लपण्याचा अर्थ मुलाला बरोबर कळतो.

त्याच खेपेत तिनं खायच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा आणला. बदलून आणायला मी चपला पायात सरकवल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बस खाली, जाईल तीच." पाऊण तास ती दारात उभी होती. "दुकानातल्या काकींना काय सांगू?" हा एकच प्रश्न. शेवटी गेली. परत आली तेव्हा सोडा बरोबर होता आणि हातात एक लिमलेटची गोळी होती. चुकीचं सामान मुलालाच बदलायला पाठवा. दुकानात जाणं सोपं असतं, 'माझं चुकलं, बदलून द्या' म्हणणं अवघड असतं.

वाट बघण्याचा आमचा नियम असा: जाऊन यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरायचा, वर पंधरा मिनिटं. तोवर चपलेला हात लावायचा नाही. पोरं वाटेत थांबतात. मुंगळ्यांची रांग दिसते, कुणाची गाय व्यालेली असते.

आणि तुमचं मूल घरी पोचायच्या आत तुमचा फोन वाजणार, ही तयारी ठेवा. मला पहिल्या दिवशी तीन फोन आले. त्यातला एक जसाच्या तसा: "गो, तुझां चेडू दुकानार इलां हा, एकटांच. घरात भांडान इलां काय?" यावर रागावू नका, 'मीच पाठवलंय' म्हणा. आठवडाभरात फोन थांबतात आणि तीच माणसं तुमच्या पोरावर आपण होऊन डोळा ठेवू लागतात. माझ्या लेकीला आता बाराव्या वर्षी त्याचा वैताग येतो. "अख्खो गाव सीसीटीव्ही हा," म्हणते. खरंच आहे.

घोळका जमवा

घरातल्या मोठ्यांचा विरोध होईल. गंमत अशी की त्यातलीच आजी लहानपणी गुरं घेऊन दिवसभर सड्यावर असायची. मी सासूबाईंना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तेवा गाव भरलेलो होतो."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. 'आमच्या वेळी आम्ही कुठंही हिंडायचो' असं आपण म्हणतो तेव्हा एक गोष्ट विसरतो: तेव्हाची पोरं एकटी नव्हतीच. वाडीत पंधरा-वीस पोरं असायची. दहा वर्षांची सहा वर्षांच्याला ओढत न्यायची. एखादं पडलं तर दुसरं घरी पळत सांगायला यायचं. आज आमच्या वाडीत चौदा घरं आहेत. त्यातली सहा गणपतीलाच उघडतात, आणि शाळेत जाणारी पोरं पाच. आजीची भीती खुळी नाही.

म्हणून पोराला मोकळं सोडण्याआधी घोळका जमवा. आम्ही तीन घरांनी ठरवलं की शाळेला पोरं एकत्र चालत जातील, कुणी गाडीनं सोडणार नाही. शाळा सव्वा किलोमीटरवर आहे. शिक्षण हक्क कायद्याचे नियमही पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असं धरतात, म्हणजे मूल चालत जाईल हे गृहीतच आहे. चालण्याचं नियोजन पोरांवर सोडा: कोण कुणाला हाक मारणार, कोण शेवटी चालणार. एकाचं आजारपण असलं तर बाकीच्यांनी काय करायचं, एवढंच मोठ्यांनी ठरवायचं.

तिकडं अमेरिकेत युटा राज्याला २०१८ मध्ये कायदाच करावा लागला, की मुलाला शाळेत एकट्यानं चालत जाऊ दिलं म्हणजे आईबापांनी हयगय केली असं होत नाही. आपल्याकडं पोलीस येत नाहीत, मावशी येते.

पाणी

इथं मात्र घाई नको. बाकी सगळ्यात मी सैल आहे, पाण्यात नाही.

आधी गिऱ्ह्याचं, म्हणजे पाण्यातल्या भुताचं बोलू. व्हाळाच्या (ओढ्याच्या) कोंडीत, म्हणजे खोल डोहात, गिऱ्हा असतो आणि तो पाय ओढतो, असं इथल्या प्रत्येक पोराला सांगितलेलं असतं. भुतांच्या जागा नीट पाहिल्यात तर बहुतेक खऱ्या धोक्याच्या असतात: कोंड, पडकी बाव, खाडीचा कोपरा. जुन्या माणसांनी धोक्याच्या पाट्याच लावल्यात म्हणा. पण मी पोरांना गिऱ्हा सांगत नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी पोराचा भुतावरचा विश्वास उडतो, आणि त्याबरोबर कोंडीची भीतीही उडते. आणि नेमकं त्याच वयात ते मित्रांबरोबर पोहायला जाऊ लागतं. त्यापेक्षा कोंडीवर न्या, लांब काठी आत घाला. काठावर गुडघाभर आणि दोन पावलांवर काठी बुडते, हे त्याच्या हातानं कळू दे.

पोहायला शिकवा, आणि बावीत किंवा तलावात शिकवा, समुद्रात नको. आमच्याकडं अजून सुक्या असोल्या नारळांची जोडी पाठीला बांधतात. पायऱ्या असलेली बाव, दोन पोहणारी मोठी माणसं आणि कमरेला दोर. पोहता येणं म्हणजे एकट्यानं पाण्यात जाण्याचा परवाना नव्हे. आमच्या घरात मोठं माणूससुद्धा एकटं पाण्यात उतरत नाही, त्यामुळं पोरांना तो अन्याय वाटत नाही.

समुद्राचा पहिला नियम होड्यांकडून घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. होड्या वर, तर पोरंही वर. त्या दिवसांत पावलं भिजवायलाही लाटेत नाही. बंदी उठल्यावरही आम्ही नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतो.

दुसरं म्हणजे ओढ. दोन बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत दिसतंय, तर पोरं आणि पर्यटक नेमके त्या शांत पट्ट्यात शिरतात. तिथूनच पाणी आत परत जात असतं. पोराला उंचावरून, दगडावर उभं करून हा पट्टा दाखवा. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडं झुंजायचं नाही, तरंगायचं, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं.

तिसरं म्हणजे भरतीची वेळ. खाडीत मुळे आणि कालवं (खायचे शिंपले) काढायला पोरं बायकांबरोबर जातात आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघड्या पडलेल्या पुळणीवर रमतात. मग पाणी मागच्या बाजूनं भरतं. तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार: दुपारी पावणेचारच्या आसपास आणि रात्रीही तशीच. सुकती त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे पावणेदहाला. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. गावागणिक थोडं पुढंमागं होतं, म्हणून तुमच्या खाडीचा फरक एखाद्या कोळ्याला विचारून घ्या. आमच्या थोरलीनं कॅलेंडरवर महिनाभर वेळा लिहिल्या आणि रोज पुलावरून पडताळल्या. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला, पण खाडीत अजून चालतो. आमचा नियम: पाणी सुकत असताना जायचं, फिरलं की पाटी उचलायची, भरलेली असो वा नसो.

चौथं, आणि हे पाठ करून घ्या: कुणी बुडत असेल तर उडी मारायची नाही. ओरडायचं, आणि दोर, रिकामा कॅन, झावळ, मिळेल ते फेकायचं. वाचवायला गेलेलं पोर आणि बुडणारं पोर, दोन्ही जातात. आम्ही हे खळ्यात खेळून घेतलं. धाकटा बुडण्याचं नाटक इतकं मनापासून करतो की आजी दोनदा धावत आली.

चिरेखाणीबद्दल चर्चा नाही. पावसात त्या भरतात, कडा सरळ कापलेल्या असतात, पाय ठेवायला पायरी नसते. तिथं बंदी, आणि बंदी का ते एकदा नेऊन दाखवायचं.

साप, विंचू आणि ओरडा

कोकणात फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार चारही आहेत. जांभ्याच्या कातळावर फुरसं फार असतं, आणि ते एवढंसं दिसतं की पोरांना गांडूळवजा वाटतं. सवयी चारच: दिवेलागणीनंतर बॅटरी, बुटात पाय घालण्याआधी बूट झटकणं, गडग्याच्या भोकात आणि झावळांच्या ढिगात हात न घालणं, आणि जमिनीवर अंथरूण असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचणं. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, अंगारा नाही. हातपाय न हलवता थेट दवाखाना, १०८. लस कुठल्या सरकारी दवाखान्यात असते हे आजच जाऊन विचारून या, चावल्यावर नको.

पण या सगळ्यापेक्षा जास्त धोका ओरड्याचा आहे. 'तिकडं जाऊ नको म्हटलं होतं ना' हे ऐकावं लागेल म्हणून पोरं डंख लपवतात आणि दोन तास गप्प बसतात. आमच्या घरात नियम असा: दुखापत सांगितली तर त्या दिवशी कुणी ओरडायचं नाही. ओरडायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी राग उरतच नाही.

विंचवाची गोष्ट मी शहरातल्या मैत्रिणींना नेहमी सांगते. लाल विंचवानं कोकणात किती पोरं मारली असतील देव जाणे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नुसतं 'विंचू वाईट' न म्हणता विष हृदयावर नेमकं काय करतं ते रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं. रक्तदाबासाठीचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू झपाट्यानं खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू अजून आहेतच. पोरं आता बॅटरी घेऊन हिंडतात.

माणसं

व्हॉट्सॲपवर 'पोरं पळवणारी टोळी आली' हा मेसेज दर पावसाळ्याआधी नव्यानं येतो. याच अफवेवरून १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मेसेज पुढं ढकलण्याआधी हे आठवा.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे 'अनोळखी माणसाशी बोलू नको' ही शिकवण चुकीच्या दारावर पहारा देते. उलट वाट चुकली तर पोराला अनोळखी माणसाशीच बोलावं लागणार. दुकानदार, कंडक्टर, पोरं सोबत असलेली बाई, यांना विचारायला शिकवा. आणि ओळखीच्यांबद्दल वेगळं शिकवा: काका असो, मामा असो, शिकवणीचे सर असोत, अंगाला हात लावलेला आवडला नाही तर 'नको' म्हणायची मुभा आहे, आणि 'आईला सांगू नको' असं कुणी म्हटलं की आधी आईलाच सांगायचं. पाहुण्यांना जबरदस्तीनं पापी द्यायला लावणं आम्ही बंद केलं. दोन नातेवाईक रुसले. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर लिहिलाय, आणि 'आईनं बोलावलंय' म्हणणाऱ्याला विचारायचा घरचा एक शब्द ठरलाय. तो अर्थातच इथं लिहिणार नाही.

स्कूटी नाही

एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या घरात दहा वर्षांच्या पोराला दुकानात एकटं पाठवत नाहीत, त्याच घरात चौदाव्या वर्षी त्याच्या हातात स्कूटी असते, 'जरा बंदरावरून बांगडे घेऊन ये' म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलानं गाडी चालवली आणि गुन्हा घडला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. सायकल द्या. किनाऱ्याच्या रस्त्यांना फूटपाथ नाही, वळणं आंधळी आहेत, आणि मे आणि डिसेंबरात पर्यटकांच्या गाड्या तुफान येतात. चालताना उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं. पावसात छत्रीपेक्षा रेनकोट, छत्रीनं अर्धा रस्ता झाकतो.

विळी, गॅस आणि भाताचा कुकर याचं वेगळं काही सांगत नाही. बसून, सावकाश, तुमच्यासमोर, आणि बोट कापलं तर हळद.

एसटी

गावाबाहेरची पहिली पायरी एसटीच. खाजगी वडाप नको: त्यात किती माणसं कोंबतील याचा नेम नाही आणि कुठं सोडतील याचाही. एसटीत कंडक्टर असतो, आणि एकाच मार्गावर वर्षानुवर्षं जाणाऱ्या कंडक्टरला चढणारं प्रत्येक पोर कुणाचं ते ठाऊक असतं. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो, तो काढून घ्याच.

आधी वेळापत्रक पोरालाच काढायला लावा. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत तोंड घालून विचारायचं. आतला माणूस पहिल्यांदा वर बघत नाही, दुसऱ्यांदा मोठ्यानं विचारायचं, हेही शिक्षणच. परतीचे पैसे वेगळ्या खिशात, पिनेनं टाचून. घरचा नंबर पाठ हवा, मोबाइलमध्ये नको, मोबाइलची बॅटरी उतरते. बसायचं कंडक्टरच्या मागच्या बाकावर आणि उतरायचं नाव चढतानाच सांगायचं.

चुकण्याची तालीम आधी घ्या. झोप लागून थांबा गेला तर? रडत मध्येच उतरायचं नाही, कंडक्टरला सांगायचं आणि तो म्हणेल तिथं, माणसं असलेल्या थांब्यावर उतरायचं. परतीची गाडी चुकली तर? स्टँड सोडायचा नाही, घरी फोन, पुढची गाडी. शेवटची वस्तीची गाडी किती वाजता हे पोराला झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं. ती गाडी रात्री गावातच मुक्काम करते, त्यामुळं ती मिळाली म्हणजे घर मिळालं. पहिल्या खेपेला मात्र वस्तीच्या गाडीवर विसंबू नका, दुपारचीच धरा.

थोरली अकराव्या वर्षी पहिल्यांदा एकटी देवगडला गेली, आत्याकडं एक डबा पोचवायला आणि चष्म्याची काच घ्यायला. सकाळी आठची गाडी, परत साडेतीनची. आत्याला फक्त एवढंच सांगितलं होतं की स्टँडवर घ्यायला येऊ नको. मी त्या दिवशी सगळे डबे घासले, झाकणांसकट. पावणेचारला फाट्यावर जाऊन उभी राहिले. एसटी वीस मिनिटं उशिरा आली. मागच्या दारातून दोन माशेलणी उतरल्या, त्यांच्या पाट्यांच्या मागून ही. चष्म्याची काच नीट होती, डब्यात आत्यानं खापरोळ्या भरून दिल्या होत्या. हिशेब मागितला नव्हता, तरी तिनं चिठ्ठी काढून वाचून दाखवला. पंधरा रुपये जुळत नव्हते. तोंडाला वड्याचा वास येत होता.